बोटं साफ दिसली पाहिजेत

देवघरे काका मला कधी आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि आमच्या गल्लीत त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी नव्हतंही. शिस्तीचा माणूस, निर्व्यसनी माणूस, शब्दाचा पक्का माणूस, असं सगळे म्हणत. ते खरं होतं. पण त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. भिंतीला लागून राहणाऱ्याला माणूस जसा कळतो, तसा गल्लीला कळत नाही.

ते पोलिसांच्या वायरलेसमध्ये होते. मूळचे लामत्याचे. नोकरीची सुरुवातीची वर्षं जंगलातल्या ठाण्यांवर काढून बालाघाटला बदलून आले, तेव्हा मी आणि त्यांची मुलगी सुषमा शाळेत जाणाऱ्या लहान पोरी होतो. काका उंच होते, ताठ होते, आणि मी त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं कधी पाहिलं नाही. कान सतत कशावर तरी असल्यासारखी मान थोडी डावीकडे कललेली. बोलताना एकेक शब्द सुटा करून बोलत. समोरचा पुटपुटला की विचारत, "तोंडात भात हाय का?" कोणालाही काही सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "काय सांगितलं? परत म्हण." समोरच्यानं सगळं जसंच्या तसं म्हटलं की मगच त्याला जाऊ देत. आणि स्वतःला कोणी काही सांगितलं तर गल्लीतल्या इतरांसारखं "हौ" म्हणत नसत. आधी ते शब्दाला शब्द परत म्हणत आणि मग "समजलं" म्हणत.

त्यांच्या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि ती आम्ही सगळ्यांनी पुष्कळदा ऐकली होती. वैनगंगेला पूर आलेला, नदीकाठच्या एका ठाण्याचा सेट बंद पडत चाललेला. नुसती खरखर ऐकू येत होती. त्या खरखरीत यांनी अर्धा शब्द पकडला, त्यावरून गावाचं नाव ओळखलं, आणि नाव बरोबर निघालं. होड्या वेळेवर पोचल्या, माणसं वाचली. गोष्ट संपली की काका म्हणत, "ऐकणाऱ्याचा कान तयार पाहिजे. मग अर्धा शब्द पुरते."

आणि त्यांची सुषमा जन्मापासून बहिरी होती.

ती एकुलती एक. मोठ्या डोळ्यांची, चपळ, आणि कशाचीही नक्कल करणारी. आमच्या शाळेचे हेडमास्तर धोतराचा सोगा धरून चालत, ते ती दोन बोटांनी करून दाखवायची आणि मी हसून हसून खाली बसायची. आमची एक हातांची भाषा आपोआप तयार झाली होती. आंघोळ, भांडण, चिंच, बाबा, सगळ्याला खुणा होत्या. बाबांची खूण म्हणजे ताठ उभा पंजा.

काकांनी तिला जबलपूरला एका तज्ज्ञाला दाखवलं. त्यानं सांगितलं की मुलीचा गळा चांगला आहे, तिला बोलतं करता येईल, पण घरात खुणा एकदम बंद करा. हात चालत राहिले तर जीभ चालणार नाही. त्या काळात पुष्कळ शिकलेली माणसं असंच सांगत. काकांनी ते परत म्हटलं असणार, आणि "समजलं" म्हटलं असणार.

तेव्हापासून रोज दुपारी सुषमाचा पाठ सुरू झाला. काका तिला आरशासमोर बसवत, आपल्या ओठांकडे बघायला लावत, तिचा एक पंजा आपल्या गळ्यावर ठेवत. ती विसरून हात हलवायची. म्हणून मग शिटीच्या खाकी दोरीनं ते तिचे हात पाठीमागे बांधू लागले.

मे महिन्यातली एक दुपार मला विसरता येत नाही. मी तिला खेळायला बोलवायला गेले होते. बालाघाटचा मे, ओसरीलगतची पत्र्याखालची खोली, पंखा बंद पडलेला. सुषमा पाटावर बसलेली, हात मागे बांधलेले, आणि समोर स्टुलावर पाण्यानं भरलेला पेला. काका सांगत होते, "पा-णी. म्हण. पा-णी." तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. स्वयंपाकघराच्या दारात सुषमाची आई, इंदूकाकू, पदर तोंडाशी धरून उभ्या. काका आवाज चढवत नव्हते. रागावलेही नव्हते. सेटवर बसल्यासारखे शांतपणे परत परत तोच शब्द म्हणत होते. त्यांनी तिला कधी मारलं नाही. मारलं असतं तर काकूंना मध्ये पडता आलं असतं.

मी दारातून हललेच नाही. ऊन ओसरीवरून उतरून गेलं. शेवटी सुषमाच्या गळ्यातून घासल्यासारखा आवाज आला, "पाई". काकांनी पेला उचलून स्वतःच्या हातानं तिच्या ओठाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बाबांना सांगून गेले, "माझी पोरगी बोलली." बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. आईनं मात्र चहा टाकला नाही.

पुढे पाहुणे आले की काका तिला समोर बोलवत. "बोल, पाणी. बोल, नमस्ते." ती बोलायची. तो आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण पाहुण्यांचे चेहरे दिसत होते. एकदा त्यांच्या खात्यातले एक साहेब बायकोपोरांसह आले असताना तिला असंच उभं केलं, आणि साहेबांची मुलं हसली. सुषमानं ओठ मिटले. काकांनी परत सांगितलं, मग परत सांगितलं. तिनं काही तोंड उघडलं नाही. त्या दिवसानंतर काकांसमोर तिनं कधी आवाज काढला नाही. मग हात बांधणंही हळूहळू बंद पडलं, कारण बांधून उपयोग नव्हता.

या सगळ्या काळात इंदूकाकू मात्र शिकत होत्या. काका ड्यूटीवर गेले की स्वयंपाकघराचं दार लोटून माय-लेकी समोरासमोर बसत, आणि सुषमा आईला हातांनी बोलायला शिकवायची. काकू चौथी शिकलेल्या, अक्षर जुळवून वाचायला त्यांना फार वेळ लागायचा. पण हातांची भाषा त्यांनी अशी उचलली की मला मागे टाकलं. बाहेर पायरीवर बूट वाजले की दोघींचे हात खाली यायचे.

सुषमाला पुढे तिच्या मामानं गोंदियाला नेलं, आणि तिथून नागपूरला, बहिऱ्या मुलांच्या शाळेत. तिथे तिला खरी, पूर्ण खुणांची भाषा मिळाली. चित्रकलेचं शिक्षण घेऊन ती एका छापखान्यात लागली. तिथेच काम करणाऱ्या दिनेशशी तिनं लग्न ठरवलं. तोही बहिरा. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "दोन मुके एका घरात. उद्या चोर आला तर एकमेकाले सांगतील कसे?" लग्नाला ते गेले नाहीत. काकू भावासोबत गेल्या. त्यानंतर सुषमा बालाघाटच्या घरी आली नाही. आईला भेटायचं तर मामाकडे गोंदियाला. दर दोन-तीन महिन्यांनी काकू पिशवीत पापड-कुरड्या घालून गोंदियाच्या गाडीत बसत, आणि काका त्यांना स्टेशनवर सोडायला जात. परत आल्यावर, "कशी हाय ती?" एवढंच विचारत. "बरी हाय," काकू सांगत. पोरगा झाला, त्याला ऐकू येतं, हे कळलं तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले. मुलाचं नाव अंशू. ते त्यांनी परक्यासारखं दुसऱ्यांकडून ऐकलं होतं.

काका निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी काकू मोरीत घसरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण नीट जुळून आलं नाही. काकूंचा पलंग स्वयंपाकघराला लागूनच्या मागच्या खोलीत घातला, आणि काकूंचं गोंदियाला जाणं संपलं.

आता माय-लेकींना बोलायचा काही मार्ग राहिला नाही. फोनचा सुषमाला उपयोग नव्हता. पत्र आणि मोबाइलवरचा मजकूर काकूंना वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवायची, पण आई-लेकीचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून किती होणार? काकू खंगायला लागल्या. दुपारी एकट्याच पलंगावर पडून हात हलवत असायच्या.

एक दिवस काका आमच्या दारात आले. मी तोवर इथल्याच शाळेत शिकवायला लागले होते आणि माझ्याकडे कंप्युटर होता. उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या मशीनवर समोरचा माणूस दिसते म्हणतात. हातबी दिसतात का?"

मी म्हटलं दिसतात, पण इंटरनेट जोरात पाहिजे.

"किती जोरात?"

मी म्हटलं, लावून बघावं लागेल. ते म्हणाले, "बोटं साफ दिसली पाहिजेत."

आमच्या गल्लीतली टेलिफोनची तार जुनी, पावसात आवाजही धड येत नसे. तिच्यावर इंटरनेट टिकेना. त्याच सुमारास एका कंपनीनं गावात टॉवर उभारला होता, तारेशिवाय इंटरनेट देत होती. त्यासाठी गच्चीवर पाइपाला एक पांढरा चपटा डबा बसवायचा, त्याचं तोंड टॉवरकडे करायचं, आणि डब्यातून केबल खाली घरात आणायची. कंपनीचा माणूस येऊन डबा लावून गेला. काकांच्या समोरच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या माझ्या कंप्युटरवर इंटरनेट आलं, पण दर थोड्या वेळानं अडत होतं. मध्ये कडुलिंब येत होता.

काका गच्चीवर चढले ते त्या आठवड्यात जेवायला तेवढे उतरले. जास्त लांब पाइप आणला, त्याला तारेचे ताण दिले, वीज पडली तर म्हणून अर्थिंग घातलं. मग डबा केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. मी खाली पडद्यासमोर बसून जोर किती दिसतो ते ओरडून सांगायची, आणि ते वरून परत म्हणायचे. ज्या ठिकाणी सर्वांत चांगलं लागलं तिथे त्यांनी पाइपावर खडूनं खूण केली.

पण इंटरनेट होतं समोरच्या खोलीत, आणि काकू होत्या मागे. त्यांना खुर्चीवर बसवणं शक्य नव्हतं. म्हणून लॅपटॉप आला, आणि घरभर तारेशिवाय पोचावं म्हणून राउटर आला. जुन्या घराच्या भिंती हातभर जाड. राउटरची लहर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची आणि मरायची. काकांनी गोंदियाहून दुसरा राउटर आणला, पहिल्यापासून भिंतीच्या कडेनं केबल ओढली आणि तो काकूंच्या खोलीत खिळ्याला टांगला. आता तर काहीच चालेना. दोन्ही राउटर आतून एकच पत्ता धरून बसले होते, आणि लॅपटॉपला नेमकं कोणाकडून बाहेर जायचं ते कळत नव्हतं. काका शब्दकोश घेऊन सोबतचं इंग्रजी पुस्तक ओळीओळीनं वाचत बसले. मग दुसऱ्याचा पत्ता बदलला, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं त्याचं काम बंद करून ते पहिल्याकडेच ठेवलं, आणि काकूंच्या उशाशी लॅपटॉपवर इंटरनेट सुरू झालं. त्यांनी कोणाला बोलावून दाखवलं नाही. फक्त मला म्हणाले, "तिले कळव. इकडून तयार हाय."

मी दिनेशच्या मोबाइलवर मजकूर पाठवला. सुषमाचं उत्तर संध्याकाळी आलं. घरच्या कंप्युटरवर रोज दुपारी येते, पण बाबा समोर नकोत. बाबांनी मध्ये बोलायचंही नाही. आईसाठी येते.

मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी ते परत म्हटलं. "बाबा समोर नकोत. बाबांनी बोलायचं नाही." मग म्हणाले, "समजलं."

पहिल्या दिवशी मी तिथे होते. काकूंना उशांना टेकवून बसवलं होतं. पडद्यावर सुषमा आली, आणि दोघींनी हात वर केले, आणि बराच वेळ नुसते हात वरच राहिले. मग एकदम बोलणं सुरू झालं. पण हात जोरात हलले की चित्र फाटायचं, बोटांच्या जागी धुकं व्हायचं. काका लॅपटॉपच्या झाकणामागे लहान स्टुलावर बसले होते, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे. त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "बोटं दिसून राह्यली का?"

"तुटतात काका."

दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या मागे लागले. काकूंच्या समोर ट्यूबलाइट लावला, मागे गडद चादर टांगली. काकूंना काठापदराची, फुलाफुलांची लुगडी बंद; साधं गडद लुगडं, म्हणजे हात उठून दिसतात. चित्र लहान केलं की हालचाल सलग येते, हे त्यांच्या लक्षात आलं. ऑफिसं जेवायला उठतात तेव्हा इंटरनेट मोकळं असतं, म्हणून वेळ तीच ठरली. इन्व्हर्टर आणला. हळूहळू बोटं साफ दिसू लागली. इतकी साफ की सुषमानं नखं कापली नाहीत म्हणून काकू तिला रागावल्या.

काकूंच्या अंगावर मांस चढलं. केस विंचरून घ्यायला लागल्या. दुपार झाली की त्या खोलीतून हसू ऐकू यायचं. आणि झाकणामागे काका बसलेले असायचे. त्या दोघी काय बोलतात हे त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. खुणा त्यांनी कधी शिकल्या नव्हत्या. मी एकदा म्हटलं, काका, मी शिकवते, सोप्या आहेत. ते म्हणाले, "या वयात मले हातवारे करायला लावते का?" मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्यांना लाज वाटत असावी. पण ते मी त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं झालं, आणि तेवढं खात्रीनं मला सांगता येणार नाही.

ते ऐकत मात्र होते. लॅपटॉपमधून तिकडच्या घरातले आवाज यायचे. कुकरची शिटी, रस्त्यावरचा भाजीवाला, आणि सुषमाचं हसणं. ती आईसमोर मोकळी हसायची, गळ्यातून, मोठ्यानं. काका मान डावीकडे कलती करून ते ऐकत. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांच्या घरात आला नव्हता.

अंशू तीनेक वर्षांचा होता. तो शेजाऱ्यांत वाढत असल्यामुळे भराभरा हिंदी बोलायचा आणि आईबापाशी हातांनी बोलायचा. तो पडद्यासमोर येऊन "नानी, देखो," म्हणून खेळणी दाखवायचा. काकू त्याच्याशी तोंडानं बोलायच्या, ते सुषमाला चालत होतं. काका गप्प बसत. माझ्या माहितीत त्यांनी शब्द मोडला नव्हता.

एका दुपारी मी काकूंना ताक द्यायला गेले होते. अंशू समोर होता. हातातली पोळी दाखवून म्हणत होता, "नानी, मैं लोटी खाता हूँ." काकू हसत होत्या. तो परत म्हणाला, लोटी. परत म्हणाला, लोटी. आणि झाकणामागून काकांचा आवाज आला, स्वच्छ, सुटा, सेटवरचा.

"रोटी. र. परत म्हण."

काकूंचा हात हवेतच थांबला. अंशू इकडेतिकडे बघायला लागला. काकांनी परत सांगितलं, "र. रो-टी. म्हण." पोरगं घाबरलं नाही, आज्ञाधारक होतं. त्यानं तोंड वाकडं करून, गळ्याच्या शिरा ताणून प्रयत्न केला. "ल... लो..." "परत म्हण," काका म्हणाले.

मागून सुषमा आली. तिला आवाज ऐकू आला नव्हता. तिला दिसला तो तिच्या मुलाचा चेहरा, ताणलेला, ओठ वेडेवाकडे करत, पडद्याकडे टक लावून काहीतरी परत परत म्हणणारा. ती तो चेहरा ओळखत होती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं खोटं सांगायला हात उचलला आणि सांगितलं नाही. सुषमानं अंशूला काखेत उचललं आणि पडदा काळा झाला.

काका म्हणाले, "चूक बोलत होता तो. आत्ताच सुधरलं नाही तर तसंच राह्यते."

काकू नवऱ्याशी तोंडानं बोलत असत, नेहमीच. त्या दिवशी त्यांनी हातांनी उत्तर दिलं. भराभरा, बराच वेळ, त्यांच्या तोंडासमोर. काका माझ्याकडे वळले. "काय म्हणते ही?"

मी म्हटलं, "काका, ते मी नाही सांगणार."

सुषमा नंतर येत राहिली, आईसाठी. पण आवाज बंद करून. आणि अंशूला तिनं पुन्हा पडद्यासमोर आणलं नाही. काकूंनी विनवण्या केल्या, ते मी पाहिलं. सुषमा मान हलवायची. तिच्या दृष्टीनं ती मुलाला वाचवत होती, आणि मला तिला दोष देता येत नाही. पण शिक्षा काकूंनाही झाली, आणि सर्वांत जास्त त्यांनाच झाली. मुक्या पडद्यावर त्या लेकीच्या मागच्या दाराकडे बघत राहायच्या. कधी तिथून एखादा चेंडू घरंगळत जायचा.

काका झाकणामागे बसत तसेच. ऐकायला आता काही नव्हतं. इंटरनेट अडलं तर उठून बघत.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. सुषमा आणि दिनेश आले. मुलाला नागपुरातच शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. किती वर्षांनी ती त्या घराची पायरी चढली. आईच्या खोलीत गेली, गडद चादरीकडे, ट्यूबलाइटकडे, खिळ्यावरच्या राउटरकडे बघत राहिली. हे कोणी केलं, असं तिनं मला विचारलं. मी ताठ उभा पंजा दाखवला. तिनं मान फिरवली.

तेराव्यानंतर ती निघाली. रिक्षा दारात उभी होती. काका ओसरीवर आले. मला म्हणाले, "तिले सांग, कनेक्शन चालूच ठेवतो. ती दुपारी येऊ शकते. नेहमीच्या वेळेले."

मी सांगितलं. सुषमानं वडलांकडे बघून, मला नाही, त्यांनाच, हातांनी उत्तर दिलं. शांतपणे, एकेक खूण सुटी करून. त्यांना ते कळलं नाही.

"काय म्हणाली?"

मी म्हटलं, नंतर सांगते.

"आत्ता सांग. जसंच्या तसं."

दिनेश सामान रिक्षात ठेवत होता. सुषमा माझ्याकडे बघत होती, मी सांगते की नाही ते. मी सांगितलं. "कोणाशी बोलू, म्हणते. तुम्हाला हात नाहीत."

काकांनी ते परत म्हटलं. "कोणाशी बोलू. तुम्हाला हात नाहीत." एक शब्द गाळला नाही. मग म्हणाले, "समजलं," आणि आत गेले.

त्यानंतर ते गल्लीत फारसे दिसत नसत. माझ्या आईनं डबा पाठवला तर घेत, भांडं घासून परत पाठवत. त्यांच्याकडे बसायला जावं असं मला वाटलं नाही, आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बालाघाटच्या स्टेशनवर. थंडीची सकाळ होती. मला वारासिवनीला परीक्षेच्या कामाला जायचं होतं, आमची गाडी यायची होती. गोंदियाची गाडी लागते त्या बाजूला एका बाकावर काका बसले होते, कोट घालून, मफलर नीट दुमडून. बाकाला पाठ न टेकता. मी जवळ गेले. कुठे निघालात म्हणून विचारलं.

"नागपूरले."

मला वाटलं, सुषमानं बोलावलं. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"पोराची नर्सरी हाय तिथं. तिच्या मामानं पत्ता अन् फोटो देल्ला. समोर रस्त्यापलीकडे चहाचं दुकान हाय. सुट्टी झाली का बाहेर येते. दिसते. मंग मी वापस येतो."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

मी शेजारी बसले. मग ते म्हणाले, मागच्या वेळी अंशूची टोपी वाऱ्यानं उडून रस्त्याच्या या बाजूला आली. काकांच्या पायाशीच. यांनी उचलून, रस्ता ओलांडून त्याला नेऊन दिली. पोरगं म्हणालं, थँक्यू दादाजी. कोणत्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसं.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. टोपी देल्ली अन् आलो."

"काहून काका? एक शब्द बोलले असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं नाही म्हटलंय ना," ते म्हणाले.

गोंदियाची गाडी लागली. ते उठले, कोट खाली ओढला, आणि कोणाला धक्का न देता, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबून, डब्यात चढले. खिडकीशी जागा होती, पण ते आतल्या बाजूला बसले. तिथून मला ते दिसत नव्हते. गाडी सुटेपर्यंत मी उभी राहिले. मग माझी गाडी कुठल्या फलाटावर येते ते विचारायला गेले.